नाल घेणाऱ्याला नियम नाही



पैशाच्या पोकरमध्ये नियम आहे: जिंकलेल्या चिपा मधेच खिशात घालायच्या नाहीत. न्यायच्या तर सगळ्या घेऊन उठायचं. का? तर हरणाऱ्याला परत जिंकायची संधी मिळावी. आपल्या नारायणगडाकडं पत्त्याच्या फडातही जिंकून उठणाऱ्याला शिव्याच बसतात.

न्याय वाटतो ना? पण दर डावाला नाल काढणारा मालक आपला वाटा लगेच खिशात घालतो. पैसा जितका वेळ फडात, तितकी त्याची नाल जास्त.

२०२५ ला केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, बरं केलं. गावातल्या फडाचं काय? ऊसतोडीची उचल एका रात्रीत पत्त्याच्या फडात गेलेली मी पाहिलीय. ती फेडायला बायको-पोरं अख्खा हंगाम उसाच्या फडात!

भावांनो, उठू देत नाहीत तिथं बसताच कशाला?