जुन्या ट्रकला वेगळी फ्यूज-पेटी हवी

सभासद बंधु-भगिनींनो,

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवर लिहावे, अशी आपली अपेक्षा असते. तेव्हा हे शीर्षक वाचून कोणी म्हणेल, "साहेबांना को ८६०३२ सोडून ट्रकच्या वायरिंगचं खूळ कुठून शिरलं?" म्हणणे रास्त आहे. आम्ही कृषी पदविका घेतलेले, वायरमन नव्हे. परंतु ऊस फडातून निघून गाडीत चढला की आमची जबाबदारी संपली, असे आम्ही आजवर धरून चालत आलो. ते चूक होते, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे. ते कसे झाले, ते आधी सांगतो.

गेल्या हंगामातली जानेवारीची रात्र. एका फडात ट्रक भरणे चालू होते. ट्रक जुना, वीस वर्षांच्या घरातला. रात्री मोळ्या चढवायला उजेड हवा म्हणून मालकाने केबिनच्या वर आणि हौद्याच्या मागे मिळून चार दिवे बांधलेले. शिवाय टेप होता, पंखा होता आणि कपाळावर रंगीत पट्टी. भरणी उरकली तेव्हा ड्रायव्हर आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सायेब, मागचा दिवा येतोय-जातोय. सकाळच्याला निघू का?" त्या दिवशी गव्हाणीला ऊस कमी पडत होता. शेती खात्याचे फोनवर फोन चालू होते. आम्हीच त्याला म्हणालो, "निघ रे, हळूहळू जा, काट्यावर नंबर लाव."

कॅनॉलच्या पुलाशी गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. पुढचे गेले, मागचे गेले आणि इंडिकेटरही गेले. केबिनमध्ये रबर जळाल्याचा वास. ड्रायव्हरने गाडी जमेल तेवढी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि मागे बाभळीची फांदी टाकायला तो खाली उतरला. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली, ती सरळ बाहेर आलेल्या उसात. पोरगा आपल्याच एका सभासदाचा, रानात दारं धरून घरी चाललेला. जीव वाचला. पायात सळई आहे. पोलीस भरतीसाठी तो रोज पहाटे पळत असे, ते पळणे आता बंद झाले आहे. त्याच्या वडिलांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी गाडी उघडून पाहिली. कंपनीच्या मूळ फ्यूजच्या जागी तांब्याची तार दुहेरी पिळून बसवलेली. चारही जादा दिवे, टेप, पंखा, पट्टी हे सारे एकाच जुन्या वायरीवर, टेप गुंडाळून जोडलेले. ती वायर डॅशबोर्डाच्या मागे वितळून शेजारच्या वायरींना चिकटली होती. मालकाला विचारले, तर म्हणाला, "सगळ्यांच्या गाड्या अशाच हायेत की." आणि ते खरेच होते. पुढच्या आठवड्यात यार्डात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या आम्ही वाकून-वाकून पाहिल्या. तारेचा फ्यूज नाही अशी जुनी गाडी शोधावी लागली.

हंगाम संपल्यावर आम्ही एका लग्नानिमित्त धाकट्या बहिणीकडे मांजर्लीला गेलो होतो. मांजर्ली म्हणजे बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेचा भाग. तिकडे भाताची शेती, तीही आता इमारतींच्या खाली गेलेली. उसाचा संबंध नाही. पण बहिणीच्या घराजवळ रस्त्याच्या कडेला एक मिस्त्री पाण्याच्या जुन्या टँकरला काहीतरी पेटी बसवत होता. मनात तीच रात्र घोळत असल्यामुळे आमचे पाय तिथे थांबले. कोकणातला पाऊस, त्यात टँकरची कायमची ओल, म्हणजे वायरिंगची परीक्षा आपल्याकडच्यापेक्षा कडक. मिस्त्रीने स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाला, "साहेब, गाडीला भूक किती आणि वाढपी कोण, एवढंच बघायचं. पन्नास पानं बसवायची आणि वाढायला एकच म्हातारा ठेवायचा, तर तो पडणारच."

दीड तास बसून त्याचे काम पाहिले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो, कारण आपल्या विहिरीवर ही सगळी यंत्रणा वर्षानुवर्षे चालू आहे. फक्त ट्रकमध्ये आपण ती ओळखत नाही.

मोटारपंपाचा स्टार्टर आठवा. आपण हिरवे बटण दाबतो, तेव्हा मोटारीचा सगळा करंट त्या बटणातून जातो काय? नाही. बटणातून जातो तो फक्त कॉइलपुरता चिमूटभर करंट. कॉइल ओढते, आतले कॉन्टॅक्ट मिटतात आणि जाड वायरीतून मोटारीला वीज जाते. ट्रकमधली रिले म्हणजे हाच स्टार्टर, काडेपेटीएवढा. जुन्या बहुतेक गाड्यांत मोठ्या दिव्यांचा करंट सरळ डॅशबोर्डावरच्या स्विचमधून जातो. म्हणजे स्टार्टर नसलेली मोटार बटणावर चालवल्यासारखे. नवी गाडी असते तेव्हा ते निभते. पुढे कॉन्टॅक्ट काळे पडतात, वायरीचे टोक हिरवे होते आणि वर आपण आणखी चार दिवे लटकवतो.

हिशेब सोपा आहे. दिव्याचे वॅट भागिले गाडीचे व्होल्ट, म्हणजे अँपियर. ट्रकवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात. पुढचे दोन दिवे ७० वॅटचे धरले तर १४० वॅट, म्हणजे सुमारे ६ अँपियर. भरणीचे चार दिवे तेवढ्याच ताकदीचे असतील तर २८० वॅट, म्हणजे जवळजवळ १२ अँपियर. एकूण १८ अँपियर त्या एका म्हाताऱ्या वाढप्याच्या डोक्यावर. रिले बसवली की त्याच स्विचमधून पाव अँपियरसुद्धा जात नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच सावध राहावे. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असल्याने तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो. २४० वॅटचे दिवे ट्रकवर १० अँपियर घेतात, ट्रॅक्टरवर २०.

आणि उजेडाचे काय? चारीच्या शेपटाला पाणी कसे पोचते, ते आपण जाणतो. बारीक, लांब, कुजक्या वायरीच्या टोकाला व्होल्टेजही तसेच पोचते. व्होल्टेज एक दशांश घटले की साध्या बल्बचा उजेड जवळजवळ तीन दशांश घटतो. "दिवे पिवळे पडलेत, बल्ब बदलला पाहिजे" असे ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोष बल्बाचा नसतो, वाटेचा असतो. मोठ्या वॅटचा बल्ब घालून तो दोष आणखी वाढतो.

आता पेटी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच एक मोठा फ्यूज. तिथून एक जाड वायर केबिनमध्ये, सीटच्या मागे कोरड्या जागी, झाकणाच्या पेटीत. पेटीत प्रत्येक कामाला स्वतःचा फ्यूज आणि जिथे करंट जास्त तिथे स्वतःची रिले. मूळ स्विचची वायर आता फक्त रिलेच्या कॉइलला इशारा देते. मिस्त्रीने रिलेच्या पायांवरचे आकडे दाखवले. ३० वर बॅटरीकडून येणारी, ८७ वरून दिव्याकडे जाणारी आणि ८५ व ८६ कॉइलच्या. ट्रकला २४ व्होल्टचीच रिले हवी. दुकानदाराने १२ ची गळ्यात मारली तर तिची कॉइल जळून जाईल. पत्र्यातून वायर जाते त्या भोकाला रबरी कडे हवेच, नाहीतर पत्रा वायर कापतो आणि मोठ्या फ्यूजवरच भरवसा राहतो. अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ धातूवर घ्यावी. उसाची मळी, चिखल आणि गंज यांमुळे अर्थिंग गेले की दिवा मनाला येईल तसा लागतो, आणि मिस्त्री भलतीकडेच शोधत बसतो.

मांजर्लीच्या मिस्त्रीची एक गोष्ट आम्हाला फार पटली. पुढच्या डाव्या आणि उजव्या दिव्याला त्याने एकच फ्यूज दिला नाही. दोन वेगळे दिले. एक उडाला तरी दुसरा डोळा उघडा राहतो. मागच्या तांबड्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज, आणि तोही चावीवर अवलंबून नाही. गाडी बंद पडून उभी असली तरी मागचा दिवा लागलाच पाहिजे. भरणीचे दिवे मात्र चावीवर ठेवावेत, नाहीतर रात्री कोणी विसरले की सकाळी धक्का मारायला सगळी टोळी. कॅनॉलच्या पुलावरच्या त्या गाडीत एवढीच वाटणी असती, तर भरणीच्या दिव्यांचा फ्यूज उडाला असता आणि मागचे दोन दिवे जळत राहिले असते. या वाक्यावर आम्ही अनेक रात्री अडलो आहोत.

फ्यूजबद्दलचा गैरसमज तर आपल्या विहिरीवरूनच ट्रकमध्ये गेला आहे. किटकॅटमध्ये जाड तार घातली म्हणजे "फ्यूज उडत नाही", हे आपले कौशल्य! बंधूंनो, फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर जेवढे सोसते त्याच्या आत फ्यूजने तुटले पाहिजे. बारीक वायरीवर ३० अँपियरचा हिरवा फ्यूज घातला, तर त्या वायरीलाच फ्यूज केल्यासारखे झाले. ती डॅशबोर्डामागे किंवा हौद्याखाली जळणार, आणि हौद्याखाली काय अडकलेले असते? वाळलेले पाचट. आणखी एक वाईट खोड म्हणजे १२ व्होल्टच्या टेपसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढणे. त्यामुळे एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी फुगते आणि दोन्ही वर्षाच्या आत जातात. टेप हवाच असेल तर कन्व्हर्टर घ्यावा. रंगीत पट्ट्यांबद्दल बोलत नाही. काही गाड्या पाहून ऊस येतोय की वरात येतेय, ते कळत नाही.

यावर दोन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा, की दरवर्षी रिफ्लेक्टर लावतो, तेवढे पुरे. रिफ्लेक्टर हवेतच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्यांची सक्ती आहे, तशीच मागच्या तांबड्या दिव्यांचीही आहे. परंतु रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो. मागून येणाऱ्याचा दिवा मिणमिणता असला किंवा वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकला, की तो असून नसल्यासारखा. आपल्या गाडीचा दिवा आपल्याच बॅटरीवर जळला पाहिजे.

दुसरा आक्षेप सभासदांचाच आहे. "गाडी वाहतूकदाराची. खर्च त्याने करावा, आमचा काय संबंध?" संबंध आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या किमतीतून वजा होऊनच आपल्या हाती पैसा पडतो. गाडी रस्त्यात अडली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि उताराही घटतो. आणि त्या रस्त्याने आपलीच पोरे येतात-जातात. वाहतूकदाराचीही बाजू आहे. हंगाम पाच महिन्यांचा. तेवढ्यासाठी नवी गाडी त्याला परवडत नाही, म्हणून आपला ऊस जुन्याच गाड्यांवर येणार. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण २०२१ साली जाहीर झाले, पण उद्याच्या हंगामात त्या फडात दिसणारच आहेत. मग त्या नीट करून घ्याव्यात हे शहाणपणाचे.

आमचे म्हणणे असे, की करार करताना वाहतूकदाराला उचल दिली जाते, तीत या पेटीपुरती रक्कम वेगळी धरावी आणि ती बिलातून हप्त्याने कापावी. काम कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियनकडून एकाच नमुन्याने करून घ्यावे, म्हणजे हंगामात कुठल्याही गाडीची पेटी कोणालाही उघडता येईल. टायरच्या एका जोडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत कोणता फ्यूज कशाचा, ते मराठीत रंगवून लिहावे आणि तिथेच चार जादा फ्यूज ठेवावेत, म्हणजे तार शोधायची पाळी येणार नाही. सुट्टीच्या दिवसांत उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा हंगामाच्या तोंडावर पेटी एकदा उघडून पाहणे आलेच. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असे पत्र आम्ही संचालक मंडळाला दिले आहे. सभासदांनी तिथे बोलावे.

मंडळाचा निर्णय होईल तेव्हा होईल. आमच्या हातात जेवढे आहे तेवढे येत्या हंगामापासून आम्ही सुरू करीत आहोत. रात्री फडातून गाडी सोडताना आमचा चिटबॉय गाडीच्या मागे जाऊन दोन्ही तांबडे दिवे डोळ्यांनी पाहील, आणि मगच पावतीवर सही करील. दिवा नसेल तर गाडी सकाळी निघेल. गव्हाण रिकामी असली तरी सकाळीच निघेल. त्या रात्री ज्यांचा ऊस फडात अडकेल त्यांनी चिटबॉयवर ओरडू नये. आमचा फोन चालू असतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी