ज्याचें घर त्याची वाट

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाहीं. तरीपण येथलीं पुष्कळ घरें वर्षांतून तीन महिने वाटेवांचून होतात. मृगाचा पाऊस लागला कीं पंधरा दिवसांत दोन गडग्यांमधली पाणंद हिरवी होते, महिन्याभरांत ती गुडघाभर गवतानें भरते, आणि श्रावण उजाडतो तोंवर घर एकीकडे, सडक दुसरीकडे आणि मध्यें रानमोडी, टाकळा व लाजाळू यांचें राज्य अशी स्थिति होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक सारा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. एवढ्या पाण्यावर जेथें जांभ्या दगडालाही पालवी फुटते, तेथें दोनशें पावलांच्या मातीच्या वाटेची कथा काय? ही वाट दरसाल नव्यानें मोकळी करावी लागते. ती कोणीं करावी, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. आणि त्याचें जें उत्तर आजकाल आमच्या वाड्यावाड्यांतून ऐकूं येतें तें आम्हांस साफ अमान्य असल्यामुळें हा लेख लिहिणें प्राप्त झालें.

तें उत्तर असें. मुंबईस राहणारे गृहस्थ म्हणतात, “वर्गणी काय ती सांगा, या घटकेला मोबाइलवरून पाठवतों. तणनाशक मारून टाका. नाहीं तर काँक्रीट ओता आणि एकदांची कटकट मिटवा.” गांवांत राहणारा म्हणतो, “ज्यांचीं घरें अकरा महिने बंद, त्यांची वाट मीं कां बेणावी?” आणि दोघे मिळून म्हणतात, “हें ग्रामपंचायतीचें काम आहे.” तिघांचीही बोटें दुसऱ्याकडे असतात, गवत मात्र कोणाचीच वाट न पाहतां वाढत राहतें.

या वादांत ज्यांची आठवण कोणालाच होत नाहीं त्यांची हकीकत आधीं सांगतों. आमच्या वाडींत एका पाणंदीवर पांच घरें आहेत. चार बंद असतात. पांचव्यांत सत्तरी ओलांडलेली एक बाई एकटी राहते. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका रात्रीं तिच्या छातींत कळ आली. गाडी सडकेपर्यंत आली, पुढें येऊं शकली नाहीं. चौघांनीं तिला खुर्चीवर बसवून आणली. एक जण पुढें विजेरी घेऊन काठीनें गवत झोडपीत चालला होता. कारण फुरसें हा आमच्या कोंकणचा खास सर्प, हातभर देखील लांब नसलेला, आणि त्याचा दंश बहुधा पायालाच होतो. शेवाळलेल्या उतारावर एकाचा पाय घसरला व खुर्ची गडग्याला टेकली म्हणून अनर्थ टळला. बाई वांचली. पुढें भाद्रपदांत चार घरांचीं कुलुपें उघडलीं, गणपति डोक्यावरून थाटानें आणले गेले, आणि पाणंद स्वच्छ पाहून एका गृहस्थांनीं समाधानानें म्हटलें, “आपल्याकडे निसर्ग कसा छान असतो!” ती पाणंद कोणी बेणली हें त्यांनीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं खुर्ची उचलणाऱ्या चौघांनींच ती दुसऱ्या दिवशीं बेणली होती.

आतां “औषध मारा” या सूचनेचा विचार करूं. या विषाला औषध म्हणण्याची आमची रीति मोठी सूचक आहे. ग्लायफोसेट नांवाचें जें तणनाशक सर्रास फवारलें जातें, त्याचा वापर केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें काढलेल्या आदेशानें परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं तें ‘बहुधा कर्कजनक’ या वर्गांत घातलें. अमेरिकेच्या व युरोपच्या नियामक संस्थांना हें मत मान्य नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तो वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञ मिटवोत. आमचा आक्षेप त्याहून साधा आहे. कोयत्यानें गवत कापलें तर मुळें जमिनींत राहतात आणि तीं माती धरून ठेवतात. विषानें मूळच मरतें. मुळें मेलेल्या उतारावर आमचा पाऊस कोसळला कीं माती सुटते, वाटेला घळ पडते, आणि मातीला चिकटलेलें विषही तिच्याबरोबर व्हाळाला जाऊन मिळतें. ज्या वाटेसाठीं विष मारलें ती वाटच दोन पावसाळ्यांत उरत नाहीं. शिवाय गडग्यापलीकडे कोणाची विहीर आहे, कोणाची गाय चरते, याचा विचार पाठीवर पंप घेतलेला मजूर करील, अशी अपेक्षा वर्गणी पाठवणाऱ्यानें कोणत्या तोंडानें करावी?

काँक्रीटवाल्यांची बाजू याहून सभ्य दिसते. जेथें रुग्णवाहिका दारापर्यंत नेतां येईल तेथें पक्का रस्ता जरूर व्हावा. त्याला विरोध करणारा मनुष्य वेडाच म्हणावा लागेल. पण ‘एकदां ओतलें कीं कटकट मिटली’ ही समजूत खोटी आहे. काँक्रीटवरही शेवाळ धरतें, आणि गुळगुळीत उतारावरचें शेवाळ मातीवरच्याहून अधिक दगा देतें. पूर्वीं जें पाणी वाटेवर थोडें तरी मुरत असे तें आतां सगळें धांवत खालच्या घराच्या खळ्यांत शिरतें. त्याला वळवणारा कडेचा चर पानांनीं बुजला कीं रस्ताच व्हाळ होतो. म्हणजे चर उपसणें आलें, शेवाळ सोडणानें घांसणें आलें, आणि वरची चुडतें उचलणेंही आलें. काम संपत नाहीं; केवळ ‘तें आपलें आहे’ ही भावना तेवढी संपते. काँक्रीट ज्या दिवशीं पडतें त्या दिवसापासून ती वाट सरकारची होते, आणि सरकारची वस्तु म्हणजे कोणाचीच नव्हे, हा आमचा जुना सिद्धांत आहे.

कायद्याचें या बाबतींत काय म्हणणें आहे हें पाहिलें तर आमच्या सुशिक्षित मंडळींना थोडा धक्का बसेल. वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८८२ चा. तो मुंबई इलाख्याला १८९१ सालीं लागू झाला. त्याच्या २५ व्या कलमाप्रमाणें, दुसऱ्याच्या जमिनींतून जाण्याचा हक्क उपभोगण्यासाठीं किंवा टिकवण्यासाठीं जीं कामें व दुरुस्ती लागेल तिचा खर्च हक्क सांगणारानेंच सोसावयाचा असतो. आणि ४७ वें कलम सांगतें कीं, कांहीं अपवाद सोडले तर, असा हक्क सलग वीस वर्षें उपभोगला नाहीं म्हणजे तो नष्ट होतो. वीस वर्षें! ज्यांचीं घरें आजोबांच्या नांवावर आहेत आणि ज्यांच्या पाणंदींतून रानमोडी पुरुषभर वाढली आहे, त्यांनीं हा आंकडा नीट वाचावा. ‘वहिवाट’ या शब्दांतच वाट आहे. जी वाहते, म्हणजे चालती असते, ती वाट. आणि जी चालती ठेवली जाते तीच आपली. सातबाऱ्याचा उतारा काढून ती मोकळी होत नाहीं.

आतां एक गंमत पाहावी. आमच्या जिल्ह्यांतलीं हुशार मुलें अमेरिकेंत व कॅनडांत स्थायिक होत आहेत. तेथें हिवाळ्यांत घरापासून सडकेपर्यंतची गाडीची वाट बर्फाखालीं बुडते, आणि ती घरमालकानें उपसावयाची असते. बॉस्टन शहराचा नियम असा कीं, बर्फ पडायचें थांबल्यावर तीन तासांच्या आंत घरासमोरच्या पादपथावर ४२ इंच रुंदीची वाट मोकळी झालीच पाहिजे. रात्रीं थांबलें तर सूर्योदयानंतर तीन तासांच्या आंत. न केल्यास दंड. तेथें डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनियर सारे पहांटे उठून फावडें हातीं घेतात. शेजारीं म्हातारें जोडपें असेल तर त्यांचीही वाट उपसून देणारे पुष्कळ निघतात. मुलगा फावडें घेऊन उभा असलेलें छायाचित्र घरीं पाठवतो आणि वडील तें आल्यागेल्याला कौतुकानें दाखवतात. तोच मुलगा रजेवर गांवीं आला आणि त्यानें कोयता उचलला, तर तेच वडील म्हणतात, “अरे, तूं कशाला? एखादा माणूस बघतों.” बर्फ उपसणें हा स्वावलंबनाचा धडा आणि गवत कापणें मात्र हलकें काम, हा भेद कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? तिकडेही सोपा मार्ग आहेच. वाटेवर मीठ टाकलें कीं बर्फ वितळतें. पण तें मीठ ओढ्यांत व तळ्यांत जाऊन पाणी खारट करतें, म्हणून तें जपून वापरा असें तेथील जाणते लोक आतां कंठरवानें सांगूं लागले आहेत. सोप्या मार्गाची किंमत सगळीकडे पाण्यालाच मोजावी लागते.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. “पूर्वीं गांव मिळून वाटा साफ करी” असें म्हणून हुंदके देणाऱ्यांना कोणी विचारील कीं, तो ‘गांव’ म्हणजे नेमका कोण? खोताच्या वेठीला कुळें राबत आणि रस्त्यांची झाडलोट वतनाच्या नांवाखालीं महारांच्या गळ्यांत बांधलेली असे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतन-कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें तें याच गुलामगिरीविरुद्ध. हीं वतनें अखेर १९५८ च्या कायद्यानें गेलीं, आणि तीं गेलीं हें उत्तम झालें. तें जुनें चित्र परत आणावें असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. पण त्या इतिहासावरून जो निष्कर्ष काढावयाचा तो आम्ही उलटा काढला. वेठ गेली तेव्हां वरच्या वर्गांनीं म्हणावयास हवें होतें, “आतां आमची पाळी.” त्यांनीं म्हटलें, “आतां हें काम करणार कोण?” आजचा तणनाशकाचा पंप हें त्याच प्रश्नाचें नवें रूप आहे. पैसे फेंकून दुसऱ्याच्या पाठीवर विष लादणें ही वेठच होय. तिच्यावर पावती मिळते एवढाच फरक.

उलट उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. ज्यांना लोक कोंकणचे गांधी म्हणत ते अप्पासाहेब पटवर्धन एम. ए. झालेले, उच्चवर्णीय. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम आपल्याला करूं द्यावें म्हणून उपास आरंभला. येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपास केला. आणि सरकारला नमतें घ्यावें लागलें. याच अप्पासाहेबांनीं पुढें कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. ज्या जिल्ह्यानें मैला उचलण्याचा हक्क मागण्यासाठीं उपाशी राहिलेला मनुष्य पाहिला, त्या जिल्ह्यांतल्या पदवीधरांना गवत कापण्याची लाज वाटावी, हें आमचें दुर्दैव नव्हे, आमचा करंटेपणा आहे.

मग करावें काय? आमची मागणी फार मोठी नाहीं. प्रत्येक पाणंदीनें श्रावणांतला एक दिवस ठरवावा आणि त्या पाणंदीवरच्या प्रत्येक घरानें, उघडें असो वा बंद, त्या दिवशीं दोन हात पाठवावे. चतुर्थीला चार दिवसांची रजा काढून येणाऱ्यांनीं ती एक दिवस आधींपासून काढावी. आरतीइतकेंच हेंही पूजेचें अंग समजावें. ज्यांना खरोखरच येणें अशक्य आहे त्यांनीं चालू दराची पुरी मजुरी, उपकाराची भाषा न वापरतां, काम करणाऱ्याच्या हातीं पोंचवावी. म्हातारे व आजारी यांस माफी असावी. आधीं कडेचा चर उपसावा, कारण पाणी वळलें कीं निम्मी वाट वांचली. मग गवत कापावें, पण उपटूं नये. मग पायऱ्यांवरचें शेवाळ घांसावें आणि निसरड्या जागीं चुडतें अंथरावीं. दसऱ्याच्या सुमारास पुनः एकदां हात फिरवावा. गवत कापण्याचें यंत्र वापरावयाचें तर खुशाल वापरावें. यंत्राशीं आमचें भांडण नाहीं. तें चालवणारा हात कोणाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पांच घरें मिळून राबलीं तर दोनशें पावलांची पाणंद दुपारच्या पेजेपूर्वीं मोकळी होते, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. त्यांतलें एकच घर राबलें तर आठवडा जातो, आणि तें घर सत्तरीच्या बाईचें असेल तर ती वाट मोकळी होतच नाहीं. बंद घराच्या मालकाला वाटतें कीं आपली वाट आपल्यापुरती आहे आणि आपण येऊं तेव्हां ती पाहून घेऊं. परंतु त्याच वाटेच्या टोकाशीं कोणीतरी रोज संध्याकाळीं दिवा लावीत असतें. त्या दिव्यापर्यंत माणसाला माणूस पोंचेल कीं नाहीं, हें श्रावणांतल्या त्या एका दिवसावर अवलंबून आहे.