दोन झाले, तिसरा कशाला?

बूस्टर डोस टाळणारा माणूस सहसा लसविरोधक नसतो. आधीचे डोस त्याने रांगेत उभे राहून घेतलेले असतात, किंवा मुलाला कडेवर घेऊन उपकेंद्रात नेऊन दिलेले असतात. पहिल्याच डोसला नकार देणाऱ्याच्या मनात सुईची, औषधाची किंवा सरकारी यंत्रणेची धास्ती असू शकते. बूस्टरपाशी अडणाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो: आधीची लस लागू पडली असेल तर पुन्हा कशाला, आणि पडली नसेल तर पुन्हा तीच कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर न देता 'लोकांना समजत नाही' म्हणून हात झटकण्याची सवय वैद्यकीय व्यवसायात मुरलेली आहे, आणि बूस्टरच्या बाबतीत तिची किंमत रुग्णांना मोजावी लागते.

प्रश्न लसीइतकाच जुना आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली आणि भारतात लसीकरणाला सुरुवात झाली. एकदा टोचले की जन्माची काळजी मिटली, असा या लसीच्या जनकाचा, जेन्नरचा, विश्वास होता. पुढच्या काही दशकांत लहानपणी लस घेतलेल्या प्रौढांना देवी येऊ लागल्या, तेव्हा विरोधकांना लस खोटी असल्याचा पुरावाच हाती लागल्यासारखे झाले. खरे कारण होते काळानुसार ओसरणारे संरक्षण. जर्मनीने १८७४च्या कायद्यात वयाच्या बाराव्या वर्षी पुन्हा टोचणे सक्तीचे केले. दोनशे वर्षांपूर्वी झालेली चूक अशी की पहिल्या डोसच्या वेळी आयुष्यभराचे वचन दिले गेले. ती आजही होते.

काही लसींना बूस्टर लागतो आणि काहींना लागत नाही, हे कसे, याचे उत्तर डॉक्टरला दोन वाक्यांत सांगता यायला हवे. लसीनंतर रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि काही पेशींत, म्हणजे स्मृतिपेशींत, त्या जंतूची ओळख साठून राहते. प्रतिपिंडे काळानुसार घटतात; ओळख बराच काळ टिकते, पण तिला जागे होऊन नवी प्रतिपिंडे तयार करायला काही दिवस लागतात. कावीळ 'ब'चा विषाणू शरीरात पसरायला आठवडेच्या आठवडे घेतो. तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी जाग्या होऊन प्रतिपिंडे तयार करतात, म्हणून पूर्ण कोर्स घेऊन प्रतिसाद मिळालेल्या निरोगी माणसाला बूस्टरची गरज नसते. घटसर्प आणि धनुर्वातात घात करते ते विष, आणि ते स्मृतिपेशींची वाट पाहत नाही. त्यासाठी प्रतिपिंडे त्या क्षणी रक्तात हजर असावी लागतात. धनुर्वाताचे विष तर इतक्या सूक्ष्म मात्रेत मारते की आजार होऊन बरा झालेल्यालाही प्रतिकारशक्ती येत नाही; त्यालाही लस द्यावीच लागते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मात्र खऱ्या अर्थाने बूस्टर नाही. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण पंधरा बाळांत लागूच पडत नाही, आणि ती पंधरा कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. दुसरा डोस त्यांच्यासाठी आहे. 'बूस्टर आहे, घ्यावाच लागतो' या एका साच्यातल्या उत्तराने आईचे समाधान होत नाही, कारण तिन्ही ठिकाणी कारण निरनिराळे आहे.

पुन्हा लस घेण्याला महाराष्ट्रातला माणूस मुळातच नाखूश आहे, असेही नाही. पत्रा लागला, खिळा घुसला, गाडीवरून पडून गुडघा खरचटला, की तो आपण होऊन दवाखान्यात येतो आणि 'टीटी मारा' म्हणतो. मागच्या इंजेक्शनला सहा महिने होऊन गेले, एवढे कारण त्याला पुरते. प्रत्यक्षात प्राथमिक कोर्स पूर्ण असलेल्याला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांत आणि मळक्या जखमेसाठी पाच वर्षांत दुसऱ्या डोसची गरज नसते. तोच माणूस आपल्या पाच वर्षांच्या मुलाचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात) बूस्टर विसरतो. दोन्हींत धनुर्वाताचीच लस आहे. फरक एवढाच की जखम डोळ्यांना दिसते आणि घटसर्प त्याने कधी पाहिलेलाच नसतो. सहा महिन्यांचा समज दवाखान्यांनीच पोसला आहे, हेही मान्य करायला हवे. गरज नसलेला डोस मुकाट्याने टोचणारा डॉक्टर गरजेच्या डोसबद्दल बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दाचे वजन कमी झालेले असते.

बालकांच्या बूस्टरमध्ये नकारापेक्षा गळती मोठी आहे. राष्ट्रीय वेळापत्रकात जन्मानंतर सहा, दहा आणि चौदा आठवडे आणि मग नववा महिना, अशा भेटी जवळजवळ असतात. पुढची भेट थेट सोळा ते चोवीस महिन्यांत. डीपीटीचा पहिला बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओचा बूस्टर त्या भेटीत येतात. दुसरा डीपीटी बूस्टर वयाच्या पाच ते सहा वर्षांत, आणि टीडी (धनुर्वात-घटसर्प) दहाव्या व सोळाव्या वर्षी. नवव्या महिन्यानंतर कुटुंबाला वाटते, झाले सगळे. यंत्रणेचा हिशेबही त्यांना तेच सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली १२ ते २३ महिन्यांची ७६.४ टक्के बालके पूर्ण लसीकृत ठरली, पण त्या मोजणीत बीसीजी, गोवर आणि पोलिओ व डीपीटीचे तीन-तीन डोस धरले जातात. बूस्टर त्यात नाही. ज्याचा आकडा वर मागितला जात नाही, त्याच्या पाठपुराव्याला खालीही जोर राहत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांत ही गळती अगदी जवळून दिसते. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाडीत जन्मलेले बाळ नऊ महिन्यांपर्यंतचे डोस गावच्या अंगणवाडीत घेते. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांचा कोयता उचलला जातो आणि बाळ सांगली-कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात फडावर जाते. बूस्टरची तारीख येते ती हंगाम भरात असताना. नाव गावच्या आशा सेविकेच्या यादीत, बाळ कारखान्याच्या तळावरच्या कोपीत, आणि कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. उन्हाळ्यात परतल्यावर आईला वाटते, वेळ टळली, आता पुन्हा पहिल्यापासून टोचावे लागेल, शिवाय बोलणी खावी लागतील. त्या भीतीने ती सत्राकडे फिरकत नाही. राहिलेला कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, जिथे थांबला तिथून पुढे चालू करायचा असतो, आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते, त्यानंतर टीडी. एवढी माहिती तिला वेळेवर मिळाली असती तर ती आली असती. अशा आईला लसीबद्दल साशंक म्हणणे अन्यायाचे आहे.

बूस्टर राहून गेल्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. २०१८ साली भारतात घटसर्पाच्या ८,७८८ रुग्णांची नोंद झाली. २०१६ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात घटसर्पाने डोके वर काढले, तेव्हा किशोरवयीन मुलेही दगावली. सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या काळात तिथल्या प्रजासत्ताकांत आलेल्या साथीत दीड लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे पाच हजार मृत्यू झाले, आणि रुग्णांत प्रौढांचा भरणा मोठा होता: लहानपणी लस घेतलेले, पण संरक्षण ओसरलेले लोक.

कोविडचा प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, हा बूस्टरविषयीच्या लोकवर्तनाचा देशातला सर्वांत मोठा धडा आहे. १० जानेवारी २०२२ रोजी तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांसाठी सुरू झाला. १० एप्रिलपासून तो १८ वर्षांपुढच्या सर्वांना खुला झाला, पण साठीच्या आतल्यांना खासगी केंद्रावर पैसे मोजून. लसीचे २२५ रुपये आणि वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क, म्हणजे चार माणसांच्या घराला दीड हजाराच्या आसपास खर्च. जुलैच्या मध्यापर्यंत १८ ते ५९ वयोगटातल्या सुमारे ७७ कोटी पात्र लोकांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांनी तो घेतला. वर्तमानपत्रांत आणि वैद्यकीय सभांमध्ये 'लोकांचा विश्वास उडाला' अशी चर्चा सुरू झाली. १५ जुलैला ७५ दिवसांची मोफत मोहीम सुरू झाली; दुसऱ्या डोसनंतरचे अंतर त्याआधीच नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणले होते. शिबिरे बसस्थानकांवर, रेल्वे स्थानकांवर, कारखान्यांत भरली. त्या ७५ दिवसांत पंधरा कोटींहून अधिक लोकांनी डोस घेतला. लस तीच होती, अफवा त्याच होत्या, माणसेही तीच. बदलले होते पैसे, अंतर आणि केंद्राचे ठिकाण. ज्याला अविश्वास म्हटले गेले, त्यातला मोठा भाग निव्वळ गैरसोयीचा होता.

मोठा भाग, सगळा नव्हे. दुसरा डोस ९५ कोटी लोकांनी घेतला आणि प्रिकॉशन डोस सुमारे २३ कोटींनी. उरलेल्यांत बहुतेकांना आता धोका उरलेला नाही असे वाटत होते, आणि जानेवारीतली ओमायक्रॉनची सौम्य लाट पाहता तसे वाटणे स्वाभाविक होते. पण दुसरीही एक जखम होती. लस संसर्ग अडवते आणि लस गंभीर आजार अडवते, या दोन वेगळ्या गोष्टी २०२१ मध्ये एकच असल्यासारख्या सांगितल्या गेल्या. पहिले संरक्षण काही महिन्यांत ओसरते, दुसरे बरेच टिकते. दोन डोस घेतलेल्या घरात ओमायक्रॉन शिरला तेव्हा लोकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. प्राणवायूची गरज पडली नाही हे लसीचे यश कुणी मोजून दाखवले नाही. खुद्द आरोग्य कर्मचाऱ्यांतही दुसरा डोस घेतलेल्यांपैकी साधारण सत्तर टक्केच तिसऱ्याकडे वळले. 'डॉक्टर, तुम्ही घेतला का?' हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर देताना कित्येकांची नजर खाली गेली असणार.

विश्वास ढळतो तो बहुधा आधी न सांगितलेल्या गोष्टीमुळे. फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिल्यानंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, आधी डेंग्यू न झालेल्यांत ती पुढचा आजार तीव्र करू शकते असे उत्पादक कंपनीनेच जाहीर केले. लस महत्त्वाची आहे असे ठामपणे मानणाऱ्यांचे तिथले प्रमाण २०१५ मधल्या ९३ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आले, आणि २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली. एका लसीवरचा राग सगळ्या लसींवर निघाला. भारतात २०२४ मध्ये कोविशील्डच्या मूळ उत्पादकाने ब्रिटनच्या न्यायालयात रक्तगुठळ्यांच्या दुर्मीळ दुष्परिणामाची कबुली दिली, तेव्हा दवाखान्यांत फोनवर फोन खणखणले. हा दुष्परिणाम २०२१च्या वसंतातच वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला होता. तो बहुतांशी पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत दिसतो, वर्षांनंतर नाही. ज्या डॉक्टरांनी आधी 'काही होत नाही' असे सांगितले होते, त्यांना समजावणे जड गेले. 'लाखांत एखाद्याला होतो, तीव्र डोकेदुखी किंवा पोटदुखी झाली तर लगेच या' असे सांगणाऱ्यांकडे रुग्ण टिकून राहिले.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा संबंध लसीशी जोडण्याची हवा अजून ओसरलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा तुलनात्मक अभ्यास केला. लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. वाढलेला धोका आढळला तो कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, अतिमद्यपान आणि आदल्या एक-दोन दिवसांत अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. घरात असा मृत्यू झालेल्या माणसापुढे मात्र अभ्यासाचे नाव आधी काढू नये. आधी त्याचे ऐकावे, मृत्यूची हकीकत विचारावी. अभ्यास त्यानंतर ऐकला जातो.

दवाखान्यात शब्दांची निवड फार काही ठरवते. 'बूस्टर द्यायचा का, तुमचं काय मत?' असे विचारले की पालकाला वाटते, डॉक्टरलाच खात्री नाही. 'पाच वर्षं झाली, आज डीपीटीचा बूस्टर आहे; दंडात देतो, दोन दिवस दुखेल, ताप आला तर हे औषध' असे सांगितले की बहुतेक पालक बाही वर करतात. उत्तर कॅरोलायनातल्या एका चाचणीत किशोरवयीनांच्या एचपीव्ही लसीसाठी अशी सरळ घोषणा करायला शिकवलेल्या डॉक्टरांकडे लस घेण्याचे प्रमाण वाढले. लांब चर्चा करायला शिकवलेल्यांकडे तसा फरक दिसला नाही. ज्याला शंका आहे त्याला वेळ द्यायचाच, पण ज्याला नाही त्याच्या मनात ती पेरायची नाही. तापाला घाबरणाऱ्या पालकांसमोर 'पेनलेस' (पेशीविरहित) डीपीटी लसीची भलामण करतानाही पूर्ण माहिती द्यावी: डांग्या खोकल्याविरुद्धचे तिचे संरक्षण लवकर ओसरते, म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना प्राथमिक कोर्ससाठी जुन्या संपूर्ण-पेशी लसीलाच पसंती देते.

जिथे गरज नाही तिथे नाही म्हणणे हाही विश्वास कमावण्याचा मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने मार्च २०२३ मध्येच स्पष्ट केले की निरोगी तरुण प्रौढांना कोविडच्या पहिल्या बूस्टरनंतर पुढचे बूस्टर नियमितपणे सुचवलेले नाहीत; वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा विचार वेगळा. दरवर्षी बदलणारी फ्लूची लस, गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान सुचवली जाणारी टीडॅप, आधी कोर्स झालेल्याला कुत्रा चावल्यास शून्य आणि तिसऱ्या दिवशी लागणारे रेबीजचे दोन डोस, या प्रत्येकामागचे कारण स्वतंत्र आहे आणि ते तसेच स्वतंत्र सांगावे.

सरकारी सत्रात टोचल्यानंतर पालकांना चार गोष्टी सांगायचा नियम आहे: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचे आणि कार्ड जपून आणायचे. चारांतली तिसरी गोष्ट नवव्या महिन्याच्या भेटीत सर्वांत मोलाची असते आणि गर्दीत नेमकी तीच गळते. खासगी दवाखान्यात तर ती कोणी सांगायची हेही ठरलेले नसते. तिथे लस घेणारे मूल आशा सेविकेच्या यादीत अनेकदा नसतेच, त्यामुळे त्याचा बूस्टर राहिला तर कुणीही दारात येत नाही. नवव्या महिन्यातल्या प्रत्येक बाळाची सोळाव्या महिन्याची तारीख दवाखान्याच्या वहीत उतरवणे, यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद करणे, आणि त्या आठवड्यात घरी फोन लावणे हे काम त्यामुळे त्या दवाखान्याच्याच वाट्याला येते.