नावाचा राग आणि जखमेतील जंतू

ऑगस्ट २०१० मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकातील एका शोधनिबंधावरून देशभर संताप उसळला होता. बहुतेक प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या एका विकराला आपल्या राजधानीचे नाव चिकटवण्यात आले होते. शिवाय शस्त्रक्रियेसाठी भारतात येऊ पाहणाऱ्या ब्रिटिश रुग्णांना सावधगिरीचा इशाराही होता. परदेशी रुग्णांचा ओघ इकडे वळू लागलेला असतानाच हे घडावे, याबद्दल शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढण्याचे कारण नव्हते. अशा विकरांना शहरांची नावे देण्याची रीत आहे, इटलीचे व्हेरोनाही त्यातून सुटलेले नाही, हे खरे. तरीही एका राष्ट्राच्या माथी रोग मारणे गैरच होते. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी त्या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

निबंधाचे पहिले लेखक चेन्नईचे संशोधक होते, ही गोष्ट मात्र त्या गदारोळात सोयीस्करपणे विसरली गेली. आणि संपादकांच्या दिलगिरीने जंतू माघारी फिरला नाही.

त्याचे खरे रूप पाहायचे तर अस्थिशल्यविभागात जावे. अपघातात मोडलेल्या पायात रॉड बसतो, झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा येतो. या परक्या धातूवर जंतू एकदा बसले की स्वतःभोवती चिकट थर विणतात. त्या थराआड ना शरीराच्या संरक्षक पेशी नीट पोचतात, ना औषध. हाडाला रक्तपुरवठाही बेताचाच. त्यातून जंतू औषधांना दाद न देणारा निघाला, तर जखम पुन्हा उघडणे, धातू काढून टाकणे, अनेक आठवडे शिरेतून औषधे आणि मग दुसरी शस्त्रक्रिया, असा फेरा सुरू होतो. घरातील कर्ता पुरुष त्यात सापडला तर साठवलेली पुंजी संपते, आणि कधी पायही जातो.

हे संकट कोणी बाहेरून लादलेले नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधासाठीची प्रतिजैविके पुढे चालू ठेवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट केले. तरीही स्वच्छतेतील उणीव गोळ्यांनी भरून काढण्याची सवय सुटत नाही. औषधांच्या दुकानांवरील निर्बंधांसाठी ‘एच-१’ अनुसूची मार्च २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठीची नोंद तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानदारावर आहे. पण साध्या सर्दीला ‘जोरदार औषध द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे आणि बरे वाटताच उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणारे सुशिक्षित घरांतलेच असतात. पतंजलींच्या नियमांत शौच पहिले येते, याचा अभिमान सांगणाऱ्या समाजात रुग्णाला भेटायला दहा-दहा जण चपलांसह खाटेपर्यंत जातात आणि हात न धुताच त्याच्या मलमपट्टीला हात लावतात, हे कोणत्या परंपरेत बसते?

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले. आता सांधा कोणत्या कंपनीचा, किती रुपयांचा, याची चौकशी कुटुंबे आवर्जून करतात. गेल्या वर्षभरात किती शस्त्रक्रियांच्या जखमा चिघळल्या, त्यांत कोणते जंतू सापडले आणि त्याची नोंद रुग्णालय ठेवते का, हे मात्र दाखल होताना क्वचितच कोणी विचारतो.