विश्लेषण: 2035 पर्यंत भारताचं अंतराळ स्थानक, पण त्याला 'वस्ती' म्हणता येईल का?

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराच्या आराखड्यात समुद्रात घालायच्या भरावाची सर्वाधिक चर्चा होते. पण त्यात एक रस्ताही आहे: डहाणू तालुक्यातल्या वरोरपासून मुंबई-दिल्ली महामार्गावरच्या तवा इथपर्यंत, सुमारे 32 किलोमीटरचा. मच्छीमारांचा बंदराला असलेला विरोध हा वेगळा आणि मोठा विषय. इथे मुद्दा इतकाच, की माल आणण्या-नेण्याची वाट नसेल तर बंदर उभं राहूनही उपयोग नाही. अंतराळातल्या माणसांच्या वस्तीबद्दल बोलताना मात्र ही वाट बहुतेक वेळा विसरली जाते.

भारताची योजना काय आहे?

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवली आणि 'भारतीय अंतराळ स्थानका'च्या पहिल्या भागाला मंजुरी दिली. कार्यक्रमाचा एकूण निधी 20,193 कोटी रुपये झाला. सुमारे 10 टन वजनाचा हा पहिला भाग 2028 मध्ये पृथ्वीपासून साधारण 450 किलोमीटर उंचीवर पाठवायचा आणि 2035 पर्यंत पाच भाग जोडून स्थानक पूर्ण करायचं, असं नियोजन आहे. त्यासाठी लागणारं जोडणीचं तंत्र 'स्पेडेक्स' मोहिमेत 16 जानेवारी 2025 रोजी सिद्ध झालं.

यात महाराष्ट्राचाही हात आहे. इस्रोच्या रॉकेटमधली 'विकास' इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात, तर बूस्टरची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये.

मग अडचण कुठे आहे?

अडचण रोजच्या घरखर्चात आहे. अंतराळात एका माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो ऑक्सिजन आणि वेष्टनासह 1.8 किलोच्या आसपास अन्न लागतं. तिघंजण वर्षभर राहिले तर नुसतं अन्नच जवळपास दोन टन होतं. पाणी, कपडे आणि सुटे भाग वेगळेच.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर 2000 पासून सतत माणसं राहत आहेत. तिथे घाम, लघवी आणि श्वासातली वाफ शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. 2023 मध्ये हे प्रमाण 98 टक्क्यांवर गेलं. ही कामगिरी थक्क करणारी आहे, यात शंका नाही. पण अन्नाचं तसं नाही. ते जवळजवळ सगळं मालवाहू यानातून येतं. शुभांशू शुक्ला जून-जुलै 2025 मध्ये तिथे 18 दिवस राहिले, तेव्हा त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग केला. आपल्या स्वयंपाकघरात हे काम एका रात्रीत होतं. तिथे तो अभ्यासाचा विषय आहे. मोड आलेली मूठभर मेथी आणि वर्षभराचं धान्य यांत किती अंतर आहे, हे सांगायला नको.

म्हणून 'स्थानक' आणि 'वस्ती' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणं चुकीचं आहे. स्थानक म्हणजे चौकी: रसद येते, माणसं बदलतात, कुणी आजारी पडलं तर काही तासांत जमिनीवर उतरता येतं. वस्तीला हे सगळं तिथल्या तिथे भागवावं लागेल.

चंद्र आणि मंगळाचं काय?

चंद्र तीन दिवसांच्या अंतरावर आहे, त्यामुळे तिथे अजून रसदीवर विसंबता येईल. मंगळावर ते जमत नाही. तिकडे निघण्याची सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांनी एकदाच येते, प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात आणि एका बाजूचा संदेश पोहोचायला 22 मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. पंप बिघडला तर सुटा भाग मागवून उपयोग नाही. शिवाय माणसाचा अंतराळातला सलग मुक्काम आजवर 437 दिवसांपलीकडे गेलेला नाही. तो विक्रम व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांनी 1994-95 मध्ये केला. मंगळावर जाऊन परत यायचं तर जवळपास तीन वर्षं लागतात.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

आंतरराष्ट्रीय स्थानक 2030 च्या सुमारास निवृत्त करून समुद्रात पाडायचं ठरलं आहे. त्यानंतर चीनच्या तियानगाँगसोबत भारताचं स्थानक उभं राहिलं, तर त्याचं महत्त्व मोठं असेल. पण पुढच्या दहा वर्षांत नवीन भागांच्या चित्रांपेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात: भारताचं मालवाहू यान किती वेळा आणि किती वजन घेऊन जाणार, आणि पाणी व हवेचं शुद्धीकरण किती महिने दुरुस्तीशिवाय चालतं. गगनयानात माणसं जेमतेम तीन दिवस राहणार आहेत. तेवढ्यासाठी लागणारी सामग्री सोबत नेता येते. स्थानकावर सहा महिने काढायचे असतील, तर ही दोन्ही यंत्रणा पहिल्या माणसाआधी तयार हव्यात.