फुस्स की फट्?



सोलापूरच्या एका सातवीतल्या दोस्ताचं पत्र आलंय. पत्र कसलं, चांगला चार पानी तक्रारअर्जच! गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, त्यानं फोमचे बाण मारणारी बंदूक घेतली. आठ दिवसांत ती बिघडली. गडी हुशार. रडत बसला नाही, स्वतःच बंदूक करायला घेतली. दोन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना टोपणं. एका टोपणात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, दुसऱ्यात नळाची तोटी. तोटीपुढे लांब नळी आणि नळीत बाण. सायकलच्या पंपानं दहा वेळा हवा मारली, सगळी गल्ली जमा झाली, आणि त्यानं तोटी फिरवली.

फुस्स!

बाण नळीतून घरंगळत आला आणि पायाशी पडला. "काय बे, बंदूक आहे की पिचकारी?" म्हणून पोरं हसली. शेवटी त्यानं विचारलंय, "हवा कमी पडली का? आता चाळीस पौंड भरून बघू का?"

पत्र वाचलं आणि मी ताबडतोब उलट टपालानं कळवलं: थांब! एक पौंडसुद्धा भरू नकोस. असेल ती हवा सोडून दे आणि तो पाइप बाजूला ठेव.

का, ते सांगतो. सायकलवाले हवा पौंडांत मोजतात. चाळीस पौंड म्हणजे दर चौरस इंचाला चाळीस पौंडांचा रेटा. दोन इंची टोपणाचं क्षेत्रफळ काढा बरं. त्रिज्या एक इंच, म्हणजे सुमारे ३.१४ चौरस इंच. गुणा चाळीसनं. झाले सव्वाशे पौंड, म्हणजे जवळजवळ ५७ किलो! घरातलं एखादं मोठं माणूस त्या टोपणाला आतून लाथ देऊन उभं आहे, असं समजा. पण याच पाइपातून घरात पाणी येतं की, तेव्हा काही होत नाही? खरं आहे. मात्र पाणी दाबलं तरी फारसं दबत नाही. पाइप फुटला तर चीर पडते, पाणी उडतं, आणि जोर लगेच संपतो. हवा दबते. ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी आत बसून असते. पाइपला तडा गेला की ती एका झटक्यात पसरते, आणि पीव्हीसी तर ठिसूळ. त्याचे टोकदार तुकडे काचेसारखे उडतात. त्यात सोलापूरचं ऊन! उन्हात पडून राहिलेला पाइप आणखीच ठिसूळ होतो. आईबाबांनो, हा परिच्छेद तुम्हीही वाचा. नळाच्या पाइपात किंवा काचेच्या बाटलीत दाबाची हवा भरायची नाही, दोनच पंप मारले तरी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हवा कमी पडली नव्हतीच! चूक होती ती व्हॉल्व्हची.

व्हॉल्व्ह म्हणजे वाटेवरचं दार. आपल्या दोस्ताच्या बंदुकीत अशी दोन दारं आहेत. पहिलं दार हवेला आत येऊ देतं, बाहेर जाऊ देत नाही. ते त्यानं झकास बसवलं होतं. ते कसं चालतं हे बघायचं तर सोलापूरकरांनी लांब जायला नको. गावातल्या हापशापाशी जा. १९७० च्या दशकात खेडोपाडी बोअरवेल खणल्या जात होत्या, पण त्यांवरचे बिडाचे पंप सारखे मोडायचे. ते मुळात एका घरासाठी केलेले, आणि इथे अख्खं गाव हापसणार! त्या काळात जो पंप टिकाऊ म्हणून नावाजला गेला, त्याचं नाव होतं 'सोलापूर पंप'. हो, आपल्याच सोलापूरचा! त्याच्याच धर्तीवर पुढे 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. भारतात आणि परदेशांतही असे लाखो हापसे बसले.

या हापशात खाली, पाण्यात बुडालेल्या नळकांड्यात, दोन दारं असतात. एक तळाला आणि एक वरखाली होणाऱ्या दट्ट्यात. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो. मग तळाचं दार उघडतं, पाणी आत शिरतं. दट्ट्यातलं दार मात्र मिटलेलं असतं, म्हणून त्याच्यावरचं पाणी उचललं जातं. दांडा वर सोडला की उलटं. तळाचं दार मिटतं, दट्ट्यातलं उघडतं, आणि खालचं पाणी दट्ट्याच्या वर येतं. या दारांना ना कडी, ना कुलूप, ना राखणदार. पाणीच त्यांना उघडतं आणि पाणीच मिटवतं. तुमच्या छातीत अशीच चार दारं आहेत. डॉक्टरकाका नळी लावून जे लब्‌-डब्‌ ऐकतात, तो ती दारं मिटल्याचा आवाज!

असं एक दार करून बघायला दोन मिनिटं पुरतात. संपलेलं स्केचपेन घ्या. आतली कांडी, टोक आणि मागचं बूच काढा, नळी स्वच्छ धुवा. दुधाच्या पिशवीचा बोटाच्या पेराएवढा चौकोन कापून नळीच्या एका तोंडावर ठेवा आणि फक्त एका बाजूनं चिकटपट्टी लावा. झाली झडप. दुसऱ्या तोंडानं फुंका, झडप उघडेल. हवा आत ओढा, झडप गप्पकन् चिकटेल. चिकटत नसेल तर नळीचं तोंड खडबडीत आहे, पॉलिश पेपरवर घासा. (सायकलवाले मामा ट्यूबच्या व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतात, ते याचसाठी. गळकं दार बुडबुड्यानं चुगली करतं.)

दुसरं दार म्हणजे बाण सोडणारं. घोटाळा तिथे झाला. बाण आणि नळी यांच्यामध्ये थोडी फट असतेच, नाहीतर बाण अडकेल. आपल्या दोस्तानं लावलेली तोटी फिरवून फिरवून उघडायची. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात हवेची बारीक धार आली, ती बाणाच्या कडेनं निसटून गेली. पूर्ण तोटी उघडेपर्यंत पाइप रिकामा! म्हणजे या दाराला दोन गुण हवेत. मिटलेलं असताना घट्ट, आणि उघडताना एकदम सताड. हवा वाढवून उपयोग नाही, उघडण्याचा वेळ कमी करायला हवा.

काही हवेच्या बंदुकांत यासाठी फार छान युक्ती असते. एक दट्ट्या बाणाच्या नळीचं मागचं तोंड दाबून बसलेला असतो. त्याच्या पुढे टाकीतली हवा, आणि पाठीशीही तेवढ्याच दाबाची हवा. दाराला दोन्हीकडून पोरं रेटताहेत असं समजा. घोडा दाबला की पाठीमागची थोडीशी हवा सुटते. मागची पोरं अचानक बाजूला झाली की काय होईल? दार धाडकन् उघडणार! टाकीतली हवाच दट्ट्याला मागे ढकलते आणि सगळी एकदम नळीत घुसते. आणि जत्रेतली साधी बंदूक? तिच्यात टाकी नसतेच. स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला आणि हवा बाणाला. पुष्कळांना वाटतं स्प्रिंगच बाण मारते, पण स्प्रिंग बाणाला शिवतसुद्धा नाही.

आपण मात्र पाइप नको, पंपही नको, अशी बंदूक करू. हवेची टाकी म्हणून एक मोठा फुगा. फुटला तर 'फट्' एवढंच.

आणखी एका स्केचपेनची नळी तशीच रिकामी करा. फुग्याचं तोंड नळीच्या एका टोकावर चढवा आणि दोऱ्यानं घट्ट बांधा. नळी आणि फुगा यांच्यामध्ये फुग्याची मान बोटभर मोकळी राहू द्या, कारण तीच आपला व्हॉल्व्ह आहे. आता बाण. वहीचा कागद त्याच नळीवर गुंडाळून वीतभर लांबीची सुरळी करा. नळीवरून ती सहज सरकली पाहिजे, पण लटपटायला नको. कडेला चिकटपट्टी लावा. सुरळीचं पुढचं टोक दुमडून बंद करा आणि त्यावर कापसाचा बोळा चिकटवा. टाचणी, खिळा, काडी असलं काही टोकाला लावायचं नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

नळीतून फुंकून फुगा फुगवा. मान दुमडून तिच्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. कागदी बाण नळीवर चढवा. नळी मोकळ्या भिंतीकडे धरा, कुणाच्या तोंडाकडे कधीच नाही, आणि भोवती उभ्या असलेल्या पोरांना तुमच्या मागे उभं करा.

पहिल्या खेपेला चिमटा हळूहळू सैल करा. फुस्स! दुसऱ्या खेपेला फुगा तेवढाच फुगवा आणि चिमटा एकदम काढा. दोन्ही वेळा बाण किती फरश्या लांब गेला ते मोजा. असं पाच-पाच वेळा करून वहीत लिहा. मी केलं तेव्हा एकदम सोडलेला बाण खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागला, आणि हळू सोडलेल्यातले दोन तर नळीवरच बसून राहिले. दोन्ही वेळा हवा तेवढीच होती बरं का!

आता एक कोडं. या बंदुकीत दर वेळी फुगवण्यासाठी बाण काढावा लागतो. बाण नळीवर असतानाच फुगा फुगवता यावा, यासाठी आपली पिशवीची झडप कुठे आणि कोणत्या तोंडानं बसवाल? लक्षात ठेवा, फुग्याला तोंड एकच आहे. आकृती काढून पाठवा. सोलापूरच्या दोस्ताला हे कोडं मी आधीच पाठवलंय, आणि त्याची पहिली आकृती आलीसुद्धा. झडप त्यानं उलटी बसवली आहे.