दोन परिषदा

परिषद म्हटली की आपल्या लोकांना आधी हसू येते. भाषणे व्हायची, ठराव व्हायचे, फराळाच्या बशा रिकाम्या व्हायच्या आणि मंडळी रात्रीच्या गाडीने घरी परतायची! पण १९४७ साली दोन परिषदा अशा भरल्या की त्यांची एकमेकींशी गाठ पडायला हवी होती, असे मला फार वाटते.

पहिली दिल्लीची. २३ मार्च ते २ एप्रिल या दिवसांत जुन्या किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू, उद्घाटनाला नेहरू, समारोपाला खुद्द गांधीजी. स्वातंत्र्याला अजून साडेचार महिने अवकाश होता. पण निमंत्रणे धाडणारे आपण होतो. उगवत्या राष्ट्रांचाच तो मेळा.

दुसरी १ एप्रिलला स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली, जिनिव्हा सरोवराच्या वर मॉन्ट पेलेरिन नावाच्या डोंगरावर. हायेक या अर्थशास्त्रज्ञाने बोलावलेली चाळिसाच्या आतली माणसे एका हॉटेलात दहा दिवस बसली. जुन्या वळणाचा उदारमतवाद वाचवायचा कसा, ही त्यांची काळजी. रानडे-गोखल्यांमुळे हा शब्द आपल्याला परका नाही. माणसाने काय बोलावे, कोणता धंदा करावा हे सरकारने ठरवू नये, एवढे धरून चालले तरी पुरे. मंडळी मात्र भारी तऱ्हेवाईक. संस्थेला ॲक्टन आणि टॉकव्हिल यांचे नाव द्यावे, तर एकाने हरकत घेतली की हे दोघेही कॅथलिक उमराव! शेवटी डोंगराचेच नाव दिले. उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा चालू असता वृद्ध मीझेस ‘तुम्ही सगळे समाजवादीच’ असे म्हणून तरातरा उठून गेले, ही हकीगत मिल्टन फ्रीडमन पुढे कितीदा तरी सांगत.

एवढ्या बारकाईने बोलणाऱ्या या सभेच्या कार्यक्रमात जर्मनीचे भवितव्य होते, युरोपच्या संघराज्याचा प्रश्न होता. पण युरोपच्या अंमलाखाली नांदणाऱ्या कोट्यवधी माणसांसाठी वेगळी बैठक नव्हती. ही खोड जुनीच. स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणारे मिल्लसाहेब पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होते, आणि आपला सिद्धांत मागासलेल्या समाजांना लागू नाही, असे त्यांनी त्याच ग्रंथात लिहून ठेवले आहे.

मग दिल्लीत सारे आलबेल होते काय? तेथे टांगलेल्या नकाशात तिबेट वेगळा दाखवला होता. चिनी प्रतिनिधींनी हरकत घेतली आणि नकाशा बदलण्यात आला. तो चीन माओचा नव्हता बरे का, चँग कै-शेकचा होता! सासुरवास सोसलेल्या सुनेच्या कमरेला किल्ल्या आल्या की तिचा आवाज कसा बदलतो, हे आपल्या घरोघरच्या आयाबायांना कोणी सांगायला नको.

आपल्याकडेही बहुमताचा रेटा काही कमी नव्हता. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्या बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमत नोंदवले. तुटीचा अर्थभरणा एवढा झेपणार नाही, असा त्यांचा इशारा होता. तो कोणी मानला नाही, आणि दोनच वर्षांत परकीय चलनाची चणचण दारात उभी राहिली. पण भिन्नमत छापले गेले, ही गोष्ट मी लहान समजत नाही.

मॉन्ट पेलेरिनची मंडळी पुढे देशोदेशी भरू लागली. २०१४ च्या सप्टेंबरात ती हाँगकाँगला होती. बाजार खुला, कर हलके. त्यांच्या दृष्टीने जणू सासर-माहेर एकच. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथली तरुण पोरे मतदानाचा हक्क मागत रस्त्यावर उतरली आणि अश्रुधुरापुढे त्यांनी छत्र्या उघडल्या. तोवर चीन जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थसत्ता झाला होता. २०२० साली राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा आला. २०२१ च्या जूनमध्ये ‘ॲपल डेली’ हे दैनिक बंद पडले. त्याच्या शेवटच्या अंकाच्या दहा लाख प्रती काढल्या होत्या, आणि त्या घेण्यासाठी लोक मध्यरात्रीपासून रांगा लावून उभे होते.